अमेरिकेतलं पहिलं वर्ष : माणसं आणि मदत, गरज पडण्याआधी कशी शोधून ठेवायची

आमच्या मराठी मंडळाच्या मदत गटाचा फोन सांभाळायची पाळी दर दोन आठवड्यांनी माझ्याकडे येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, पाचच्या आत अंधार पडायला लागतो आणि फोन वाढतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच: "ताई, मराठी बोलणारी कुणी काउन्सेलर आहे का? आजच्या आज हवी होती." मग कळतं की दोन-तीन महिने झोप नाही, जेवण जात नाही, आणि हे अजून कुणाला बोललेलं नाही. विम्याचं कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, तो ऑफिसात. फॅमिली डॉक्टर ठरवलेलाच नाही. गाडी चालवता येत नाही.

एवढं सगळं एका दुपारी जमत नाही. चुकतो तो क्रम: जे पहिल्या दोन महिन्यांत करून ठेवायचं ते लोक अगदी शेवटच्या दिवशी सुरू करतात. खालचे टप्पे एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) किंवा विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांसाठी आहेत. येऊन वर्ष झालं असेल तरी पहिल्या टप्प्यापासूनच वाचा, राहिलेलं सापडेल.

टप्पा १ : निघण्याआधी, भारतात असतानाच

कुकरची शिटी, गोडा मसाला, लोणच्याची बरणी हे सगळं तीन-तीनदा तपासलं जातं. औषधांची फाइल मात्र आईच्या कपाटात राहते.

नैराश्य, चिंता किंवा झोपेसाठी गोळ्या चालू असतील तर निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या: निदान काय, कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, कधीपासून. औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण पाकिटावरचं भारतीय ब्रँडचं नाव इथल्या फार्मसीत कुणाला कळत नाही. 'एस्सिटालोप्राम' किंवा 'सर्ट्रालिन' म्हटलं की लगेच कळतं. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, प्रिस्क्रिप्शनसकट, हातातल्या बॅगेत ठेवा. स्वतःपुरत्या, साधारण ९० दिवसांच्या आणा, त्याहून जास्त नको. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांवर इथे कडक नियंत्रण आहे. त्या चालू असतील तर पत्राशिवाय निघू नका, आणि इथला नवा डॉक्टर पहिल्याच भेटीत त्या लिहून देईल असं धरून चालू नका.

*सावधान :* "नवा देश, नवी सुरुवात" म्हणत निघतानाच गोळ्या बंद करणारे दरवर्षी भेटतात. या गोळ्या एकदम थांबवल्या की चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असं काहीही होऊ शकतं. लोक त्याला जेटलॅग समजतात. कमी करायच्याच असतील तर डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू.

जोडीने येत असाल तर घर ठरवण्याआधी एकमेकांना एक प्रश्न विचारा: सकाळी आठ ते संध्याकाळी सात घरात कोण असणार, आणि त्याला किंवा तिला पायी कुठे जाता येईल? ऑफिसपासून दहा मिनिटं, भाडंही कमी, पण चहूकडे फक्त पार्किंग, असं घर घेऊन पस्तावलेले कितीतरी आहेत. लायब्ररी, किराणा किंवा ट्रेन स्टेशन चालत गाठता येईल असं थोडं लहान घर परवडतं.

टप्पा २ : पहिले सहा आठवडे, कागद आणि चाकं

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो मागे पडतो.

विम्याचं कार्ड घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा, पुढची आणि मागची दोन्ही बाजू. मागच्या बाजूला सहसा मानसिक आरोग्यासाठी वेगळा फोन नंबर असतो. मग फॅमिली डॉक्टर ठरवा आणि आजारी नसताना एकदा तपासणीला जाऊन या. नवीन पेशंट म्हणून नोंद व्हायला कितीतरी ठिकाणी आठवडे लागतात. एकदा नोंद झाली की पुढची भेट लवकर मिळते. हे डॉक्टर नैराश्यावरचं साधं औषध स्वतः सुरू करू शकतात. सायकियाट्रिस्टची वाट बघत तीन महिने काढायची गरज पुष्कळदा नसतेच.

एच-४ वर असलेल्यांनी गाडीचं लायसन्स हे मनाच्या तब्येतीचंच काम समजावं. वर्क परमिट नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) मिळत नाही आणि कितीतरी राज्यांत लायसन्ससाठी त्याचा पुरावा मागतात. अशा वेळी सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जाऊन 'नंबर देता येत नाही' असं पत्र आणायचं. न्यू जर्सीत प्रत्येक ओळखपत्राला ठरावीक पॉइंट असतात, आणि एकूण सहा पॉइंट भरतील एवढी ओळखपत्रंही जुळवावी लागतात. दोन-तीन खेपा होणारच. जोडीदाराने "बघू पुढच्या महिन्यात" म्हणायचं नाही.

*पडताळा :* सहा आठवड्यांनी या तीन गोष्टी कुणालाही न विचारता सांगता आल्या पाहिजेत: डॉक्टरचं नाव, विम्याच्या मानसिक आरोग्य विभागाचा नंबर, आणि गाडीशिवाय घरातून जाता येईल अशा दोन जागा.

टप्पा ३ : घरच्या फोनची घडी

उन्हाळ्यात न्यू यॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. म्हणजे इथली सकाळ ही तिथली संध्याकाळ, आणि आई-बाबा मोकळे. पहिल्या महिन्यांत रोज सकाळी दीड-दोन तास व्हिडिओ कॉल चालतो. त्याने बरं वाटतं, आणि तिथेच अडकतं: फोन संपतो तेव्हा अकरा वाजलेले, बाहेर पडायची उमेद गेलेली. शिवाय त्या दोन तासांत खरं काहीच बोललं जात नाही. आई विचारते "जेवलीस का?", आपण म्हणतो "सगळं मस्त".

आठवड्याचे दोन-तीन दिवस ठरवून लांब फोन करा. बाकीचे दिवस दहा मिनिटं, तेही बाहेर चालताना. आणि भारतातलं एक माणूस निवडा, ज्याला खरं सांगायचं: बहीण, मावशी, कॉलेजातला मित्र. ते माणूस घाबरून लगेच सगळ्या खानदानाला फोन करणारं नसावं, एवढीच अट. आईपासून लपवणं मला चुकीचं वाटत नाही. सगळ्यांपासूनच लपवलं की मात्र पुढचे टप्पे अवघड होतात.

टप्पा ४ : माणसं जोडायची, तास मोजून

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे लोक प्रयत्न करतात आणि तरीही चुकतात.

माझंच सांगते. पहिल्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमाला गेले. शाळेचा जिम हॉल, तीनशे माणसं, आरती, फोमच्या ताटलीत उकडीचा मोदक, तोही गार. सगळ्यांनी विचारलं, "कुठलं गाव? इथे कधी आलात?" आणि सगळे पुढे गेले. परत येताना मी गाडीत रडले, आणि नवऱ्याला कळेना की एवढ्या मराठी लोकांत जाऊन आल्यावर रडायला काय झालं. दुसऱ्या वर्षी मला पुऱ्या लाटायला बसवलं. सहा तास, चौघी, एकच टेबल. त्यांतल्या दोघी आजही माझ्या घराची किल्ली बाळगतात.

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला होता: ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, मित्र म्हणावं असं व्हायला ९०, आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० च्या वर. आता गणित करा. महिन्यातून एकदा तीन तासांचा कार्यक्रम धरला तर ५० तासांना सोळा-सतरा महिने लागतात, तेही दर वेळी तीच माणसं भेटली तर. आठवड्याला दोन तास एकाच माणसाबरोबर चाललात तर तेच सहा महिन्यांत होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच माणसांत होणारी एक गोष्ट धरा: लायब्ररीतला इंग्रजी संभाषणाचा वर्ग (बहुतेक ठिकाणी फुकट असतो), मुलांचा गोष्टींचा तास, मराठी शाळेत शिकवणं, सकाळचं चालणं. मग त्यातलं एक माणूस निवडा आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वतःहून चहाला बोलवा. समोरचा बोलवेल म्हणून थांबू नका; तोही थांबलेलाच असतो. मोठे कार्यक्रम त्यानंतर. आणि तिथे पाहुणा म्हणून जाऊ नका, काम मागून घ्या. वाढायला, खुर्च्या मांडायला, पार्किंगला उभं राहायला माणसं कायम कमी असतात.

चार माणसं पुरतात, पण चौघं वेगवेगळ्या कामाची हवीत. रात्री बाराला दार उघडेल असं एक, शक्यतो चालत किंवा पंधरा मिनिटांच्या ड्राइव्हवरचं. इथली व्यवस्था कळणारं एक, म्हणजे विमा, शाळा, व्हिसा. ज्याच्याशी हसता येतं असं एक. आणि मराठी वर्तुळाबाहेरचं एक. हे शेवटचं लोक गाळतात. मग मंडळात काही बिनसलं किंवा घरातली गोष्ट तिथे कुणाला कळायला नको असेल, की जायला जागाच उरत नाही.

*सावधान :* "वेळ जात नाही तर डबे सुरू कर" हा सल्ला मायेपोटी मिळतो, पण वर्क परमिटशिवाय पैसे घेऊन डबे देणं किंवा मुलं सांभाळणं हे एच-४ वर बेकायदा काम ठरतं. २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना परमिट मिळतं, मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर आहे त्यांना. तोवर ना-नफा संस्थेत खरी स्वयंसेवा चालते. पगारी माणसाच्या जागी फुकट काम करणं चालत नाही.

टप्पा ५ : महिन्याचा हिशेब

घरची आठवण येणं आणि आजार यातली रेघ कशी ओळखायची? कालावधी बघा, आणि रोजची कामं अडताहेत का ते बघा. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, कशात मन लागत नाही किंवा मन खाली आहे; झोप, भूक, आंघोळ, स्वयंपाक, अभ्यास यात खंड पडतो आहे; आणि आवडीच्या माणसाचा फोनही घ्यावासा वाटत नाही. एवढं झालं की 'सवय होईल' म्हणून थांबायचं नाही.

पीएचक्यू-९ नावाची, नैराश्य किती आहे ते बघायची नऊ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. महिन्याच्या एक तारखेला भरा, वहीत आकडा लिहा. १० किंवा जास्त आला तर डॉक्टरची वेळ घ्या. ही यादी म्हणजे निदान नाही, डॉक्टरला दाखवायचा आकडा आहे. नववा प्रश्न जिवाला काही करून घेण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याशिवाय कोणतंही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका, थेट टप्पा ८ वर जा.

आपल्याकडे मनाचं दुखणं पुष्कळदा अंगातून बोलतं: छातीत धडधड, डोकं जड, पित्त, हातापायाला मुंग्या. दोन-तीन तपासण्या नॉर्मल आल्या आणि त्रास तसाच असेल, तर डॉक्टरांना झोपेबद्दल आणि मनाबद्दल आपणहून सांगा.

टप्पा ६ : थेरपिस्ट शोधणं

हा क्रम मोडू नका, पैसे आणि आठवडे दोन्ही वाचतात.

*पहिलं, फुकटचं दार.* नोकरीतल्या बहुतेक मोठ्या कंपन्या 'एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम' देतात. त्यात काही भेटी मोफत असतात आणि सहसा घरातल्यांनाही त्या मिळतात. कंपनीला तुमचं नाव कळवलं जात नाही. विद्यार्थ्यांना विद्यापीठाचं काउन्सेलिंग सेंटर असतं, त्याचे पैसे फीमधून आधीच गेलेले असतात.

*दुसरं, विमा.* कार्डावरच्या नंबरावर फोन करून चार प्रश्न विचारा आणि उत्तरं तारखेसह लिहून ठेवा: मानसिक उपचारांचा कोपे (दर भेटीला आपण भरायची रक्कम) किती, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची वर्षाची रक्कम) आधी भरावं लागतं का, फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते का, ऑनलाइन भेट चालते का.

*तिसरं, यादी.* इन-नेटवर्क, म्हणजे तुमच्या विमा कंपनीशी करार असलेल्या, थेरपिस्टांची नावं घ्या आणि एका बैठकीत दहा जणांना फोन किंवा ईमेल करा. विमा कंपन्यांच्या याद्या जुन्या असतात. कुणी निवृत्त झालेलं असतं, कुणाकडे जागा नसते. दहांतून दोघांकडे वेळ निघाली तर चांगलं समजा. लोक एकीला ईमेल करतात, दोन आठवडे उत्तराची वाट बघतात आणि सोडून देतात. लांबलचक कहाणी लिहू नका. राज्य, विमा, मोकळे वार आणि "आर यू टेकिंग न्यू पेशंट्स?" एवढं बास.

*चौथं, माणूस बघून घ्या.* औषध लिहून देतो तो सायकियाट्रिस्ट. बोलून उपचार करणारे सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, फॅमिली थेरपिस्ट असे वेगवेगळ्या परवान्यांचे असतात, आणि नुसत्या पदवीवरून कोण बरा ते ठरत नाही. परवाना राज्याचा असतो: तुम्ही ज्या राज्यात बसून बोलता, तिथला परवाना त्यांच्याकडे सहसा लागतो. म्हणून टेक्सासला बदली झाली की न्यू जर्सीची थेरपिस्ट पुष्कळदा सुटते. सुट्टीत भारतातून बोलता येईल का, हेही आधी विचारा.

मराठीच हवी असा हट्ट धरलात तर महिने जातील. हिंदी चालेल का, सासू-सुनेचं एकत्र घर समजावून सांगावं न लागणारी कुणी दक्षिण आशियाई चालेल का, असा विचार करा. गावातलीच मराठी थेरपिस्ट मंडळात रोज भेटणारी निघू शकते. ती तोंड उघडणार नाही, तो तिच्या पेशाचा नियम आहे, पण तुम्हाला अवघड वाटत असेल तर दुसरी शोधा.

*दोन भित्या, ज्या रोज ऐकू येतात.* "नवऱ्याला कळेल." विमा त्याच्या नावावर असेल तर झालेल्या भेटीचं पत्रक त्याच्याकडे जाऊ शकतं. ते गुप्त ठेवायचं असेल तर विमा कंपनीकडे 'कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन'चा अर्ज करा, पण पहिल्या भेटीच्या आधी. दुसरी भीती, "ग्रीन कार्ड अडेल." नैराश्यावर उपचार घेतले एवढ्यावरून ग्रीन कार्ड नाकारलं जात नाही. वैद्यकीय तपासणीत बघतात ते मानसिक आजाराला जोडून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचं वागणं. स्वतःच्या विम्यावर उपचार घेणं म्हणजे सरकारवर भार टाकणंही नव्हे.

विमाच नसेल तर २११ (स्थानिक मदतीची माहिती देणारा नंबर) वर फोन करून जवळचं कम्युनिटी हेल्थ सेंटर विचारा. सरकारी अनुदानावर चालणारी ही केंद्रं उत्पन्न बघून फी कमी करतात.

टप्पा ७ : पहिली भेट

भेटीआधी एका कागदावर लिहा: कधी सुरू झालं, झोप किती तास, वजन, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, कोणती औषधं (आयुर्वेदिकही), आणि कोणत्या कामात अडतं. "जीव घाबरा होतो" याला इंग्रजी सापडत नसेल तर मराठीतच म्हणा आणि शरीरात काय होतं ते सांगा. हॉस्पिटलमध्ये दुभाषा मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना तो मोफत द्यावा लागतो. नवऱ्याला किंवा दहा वर्षांच्या मुलीला दुभाषा करू नका. त्यांच्यासमोर तुम्ही निम्मं गाळाल.

पहिली भेट बहुतेक माहिती भरण्यात जाते, म्हणून निराश होऊ नका. चौथ्या भेटीनंतरही आपलं ऐकलं जातंय असं वाटलं नाही तर बदला. इथे कुणी वाईट वाटून घेत नाही. नैराश्यावरच्या औषधाचा परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडणं ही औषधातली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

टप्पा ८ : तातडीची वेळ

जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, किंवा घरातलं कुणी तसं बोलत असेल, तर ९८८ या आत्महत्या-प्रतिबंधाच्या हेल्पलाइनवर फोन करा. चोवीस तास, मोफत, दुभाषा मिळतो. आता लगेच जिवाला धोका असेल तर ९११, म्हणजे पोलीस आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि गोळ्यांचा साठा हाताबाहेर ठेवा. "असा विचार येतो का?" असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही.

घरात मारहाण किंवा "तुझा व्हिसा रद्द करतो" अशी धमकी असेल तर घरगुती हिंसाचाराची राष्ट्रीय हेल्पलाइन: १-८००-७९९-७२३३. न्यू जर्सीत 'मानवी' आणि न्यू यॉर्कमध्ये 'सखी' या संस्था घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांसाठी काम करतात. पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद स्वतःच्या ताब्यात, त्यांचे फोटो बहिणीकडे.

भारतात मागे राहिलेल्या आई-बाबांचं मन खचत असेल तर त्यांच्यासाठी भारत सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, मराठीतून बोलता येतं.

तीन वेळा जास्त जपायचं

*नोकरी गेली.* एच-१बी वाल्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते आणि घरात त्याच तारखेचा धाक बसतो. पण त्याआधी एक दुसरी तारीख येते, विमा संपण्याची. ती त्याच दिवशी एचआरकडून लेखी घ्या, चालू औषधं लगेच भरून आणा आणि थेरपिस्टला सांगा. जुना विमा 'कोब्रा' या कायद्याखाली स्वतःच्या पैशाने सहसा चालू ठेवता येतो. महाग असतो, पण निर्णयाला ६० दिवस मिळतात आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो.

*बाळंतपण.* आई सहा महिने राहून परत जाते, त्यानंतरचे पहिले दोन आठवडे कुणालातरी रोज येऊन जायला सांगून ठेवा. १-८३३-८५२-६२६२ हा खास गरोदर आणि बाळंतिणींसाठीचा मोफत फोन आहे, मेसेजही चालतो.

*आई-बाबा राहायला आले.* शनिवार-रविवारच्या सहली सगळे आखतात. त्यांना खायला उठतो तो मंगळवारचा दुपारचा दोनचा वेळ. त्यांना शेजारच्या बागेपर्यंतचा रस्ता पहिल्याच आठवड्यात दोनदा चालवून दाखवा, घराचा पत्ता खिशात ठेवायला द्या, आणि त्याच बागेत फिरणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या आई-बाबांची गाठ घालून द्या. प्रवासी विम्यात मानसिक उपचार बहुतेक नसतात, त्यामुळे त्यांच्या चालू गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतात का, ते तिकीट काढतानाच मोजा. ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर पुढची सोय काय, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.